पांढरं पान आधी की शेवटी

आमच्या घरात पुस्तक वाचून गप्प बसायची सोय नव्हती. वडिलांचा नियमच होता तसा. पुस्तक संपलं की जेवायला बसण्याआधी उभं राहायचं आणि मत सांगायचं. "चांगलं आहे" हे मत नाही, असं ते म्हणायचे. चांगलं तर लग्नातलं जेवणसुद्धा असतं. का चांगलं, कुठं चांगलं आणि कुठं लिहिणाऱ्यानं टंगळमंगळ केली, ते बोल. त्यांच्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि लेकराला शाळेत घातलं. घरात अक्षर वाचणारे तेच पहिले. वाचणं ही त्यांना कष्टानं मिळवलेली गोष्ट वाटायची, आणि एवढ्या कष्टानं मिळालेल्या गोष्टीवर माणूस गप्प कसा राहतो हे त्यांना समजायचं नाही.

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. चार पानं वाचायची आणि मग कुणीतरी उठून त्यावर बोलायचं. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तिथं वाचत आले. म्हाताऱ्या बाया डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं झोपल्या, पण एक ओळ सुटली की लगेच म्हणायच्या, "बाई, मागं जा." पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले आणि मत देण्याचा पगार मिळू लागला. तांबड्या पेनानं शेरे लिहायची सवय हाताला लागली ती लागलीच. नवरा म्हणतो, लग्नाच्या पत्रिकाही तू तपासून ठेवतेस. ते खोटं नाही.

हे सगळं माझ्या मुलीत आजोबांकडून सरळ उतरलं. तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. पाहुण्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर, शेजारच्यांच्या घराच्या रंगावर, माझ्या नव्या चपलेवर. सगळ्यात जास्त माझ्या स्वयंपाकावर. पहिला घास तोंडात गेला की ती डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. मीठ कमी. फोडणी घाईची. कालच्यापेक्षा बरी, परवापेक्षा नाही. मला राग यायचा. दिवसभर भोकरच्या बाजूला शाळा करून, बसमध्ये उभं राहून नांदेडला यायचं आणि वर हे ऐकायचं. वडील मात्र खूश व्हायचे. पोरगी नीट वाचते, म्हणायचे, भाजीसुद्धा.

ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती लातूरला गेली.

वैद्यकीयची परीक्षा पहिल्यांदा थोडक्यात हुकली. नवरा म्हणाला, जाऊ दे, नांदेडलाच बी.एस्सी.ला घाल. मी म्हटलं, एक वर्ष. फक्त एक वर्ष लातूरला काढू दे. शिकवण्या नांदेडलाही आहेत, पण आमच्याकडं लातूरचं नाव घेतलं की समोरचा माणूस मान डोलावतो, आणि मला ती मान डोलावलेली हवी होती. नवऱ्याची नोकरी निलंग्याला, तो तिथं खोली करून राहतो. मी नांदेडला, लेक लातूरच्या होस्टेलवर. घर एक आणि कुलपं तीन.

पहिले काही महिने ती फोनवर बडबडायची. फिजिक्सचे सर कसे शिकवतात, मेसचं वरण कसं पातळ, खोलीतल्या पोरी झोपेत सूत्रं कशी बडबडतात. मग बडबड आटत गेली. होस्टेलवर संध्याकाळी तासभर फोन मिळायचा. मी विचारायचे, जेवण झालं का, पोर्शन झाला का, झोप झाली का. ती म्हणायची, झालं. सर कसे आहेत? चांगले आहेत. मेस? चांगली आहे. आजोबांची नात "चांगलं आहे" म्हणायला लागली होती.

शिकवण्यांच्या गावांतल्या बातम्या आपण सगळेच वाचतो. वाचून पेपर उलटा ठेवतो. मला शाळेत पाढे म्हणून घेताना मध्येच वाटायचं, आत्ता तिला फोन करावा. पण आत्ता फोन तिच्याजवळ नसायचा. मग मी वर्गात येरझाऱ्या घालायचे आणि पोरं माझ्याकडं बघत पाढा म्हणायची.

रविवारी मी डबा घेऊन लातूरला जायचे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. थंडीतल्या एका रविवारी अंबाडीची भाजी नेली होती, तिच्या जिवाची. होस्टेलच्या खालच्या खोलीत आम्ही बसलो. तिनं खाल्ली. मी विचारलं, "कशी झालीय?"

"चांगली आहे."

"मीठ?"

"बरोबर आहे, मम्मी."

मीठ बरोबर नव्हतं. मला बसमध्येच आठवलं होतं की घाईत घालायचं राहिलं. मी तिच्याकडं बघत राहिले, ती खाली मान घालून जेवत राहिली.

तिच्या पिशवीतून एक पुस्तक डोकावत होतं. खाकी कव्हर आणि वर लेबल, जीवशास्त्र. निदान अभ्यास तरी नीट चाललाय, अशा समाधानानं मी ते ओढून मधूनच उघडलं. आत चित्रं होती. एक मुलगी जिन्यात उभी आणि तिची सावली तिच्यापासून दूर, पायरीवर बसलेली.

"हे जीवशास्त्र?"

"रेक्टर मॅडम पिशव्या तपासतात. म्हणून कव्हर घातलं."

माझं डोकं फिरलं. मी जे बोलायला नको ते सगळं बोलले. आम्ही तीन ठिकाणी राहतोय ते कशासाठी, इथून सुरू करून थेट आजोबांपर्यंत गेले. ती ऐकून घेत होती. मग पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"तू वाचलंयस का ते?"

"त्यात वाचायचं काय? अक्षरच नाही."

"जपानी कार्टून मालिका होती आधी, ॲनिमे. मी दहावीत बघायचे, तू ओरडायचीस तीच. मग त्या मालिकेवरून हा मंगा काढला, चित्रांचं पुस्तक. मालिकेत आवाज होते, गाणी होती. इथं सगळं काढून टाकलंय. लोक भांडायलेत त्याच्यावर. आणि तू न वाचताच बोलायलीस. आजोबांनी चालवून घेतलं असतं का?"

तिचं एवढं लांब बोलणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "वाच. आणि मला फोनवर नको सांगू, इथं लिही." तिनं माझा फोन घेतला आणि काहीतरी उघडून दिलं. मराठी वाचकांचं एक पान होतं, असली पुस्तकं वाचून मतं लिहिणाऱ्यांचं. "माझंपण मत आहे इथं. ओळखून दाखव."

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. खोडी काढताना लहानपणी हलायचं तसंच. त्या एका क्षणासाठी मी ते पुस्तक घेतलं, नाहीतर तिथंच रेक्टर मॅडमच्या हवाली केलं असतं.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. पुस्तक मांडीवर ठेवलं, लेबलाची बाजू वर केली आणि शाळेतलं पुस्तक उघडावं तसं उघडलं. पहिलं पान कोरं पांढरं. पुढच्या पानावर एक रिकामी खोली, भिंती नाहीत म्हणावं इतकी रिकामी, आणि एका बाकावर बसलेली मुलगी. तिला सावली नाही, पायात काही नाही, आणि तोंडाच्या जागीही नुसताच कोरा कागद. पानांना आकडे नव्हते. चाकूरपर्यंत मी ते पहिलं चित्रच बघत होते.

चाकूरला एक बाई शेजारी येऊन बसल्या. गाठोडं पायाशी घेतलं, पदर सारखा केला आणि माझ्या मांडीवर वाकून बघायला लागल्या.

"ताई, ह्ये कसलं पुस्तक म्हनायचं? ह्यात अक्षरच न्हाईत."

"लेकीचं आहे," मी म्हटलं.

मग आम्ही दोघींनी मिळूनच ते वाचलं. मुलगी बाकावरून उठते. जिना चढायला लागते. जिना संपत नाही. प्रत्येक वळणावर एक वस्तू ठेवलेली असते आणि ती जवळ गेली की वस्तू तिची होते. एका वळणावर मासे उडत असतात आणि त्यांच्यात तिचं तोंड असतं. एका वळणावर सावली वाट बघत बसलेली. मग रिबीन, मग बूट. एक घड्याळ असतं, ते पाण्यासारखं पायऱ्यांवरून खाली सांडतं. मधली काही चित्रं मला लागली नाहीत. चौकटीतून चौकटीत जाताना गोष्ट उडी मारायची. त्या बाईंना मात्र काही अडत नव्हतं, पान उलटायला मला उशीर झाला तर त्या कोपरानं ढोसायच्या. शेवटी जिना एका स्वयंपाकघरात निघतो. ओट्याजवळ आईचे हात, आणि ताटातून वाफ निघतेय.

"आली बगा घरला," त्या बाई म्हणाल्या आणि मागं टेकल्या. "लई चांगलं हाय पुस्तक. ताट अजून गरम हाय, मंजी माय वाट बगून राहिली व्हती." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पर ताई, इतक्या खाली तिला पाठवली कामून?"

मी पुस्तक मिटलं. अहमदपूरला त्या उतरून गेल्या.

घरी येऊन ते वाचकांचं पान उघडलं. माझी कल्पना होती की पोरंटोरं असतील, वाहवा करत असतील. पण तिथं जुंपलेली होती. एक म्हणत होता की मालिकेत पावसाचा आवाज होता, तोच तिचा जीव होता, या मंगानं जीवच काढून घेतला. दुसरा म्हणत होता की चित्रं पहिल्या दर्जाची, गोष्ट मात्र शून्य, हे पुस्तक नाही, भिंतीला लावायचं कॅलेंडर आहे. मांजरीचं चित्र लावलेलं कुणीतरी मोठमोठाले परिच्छेद लिहून मालिका आणि मंगा यांची तुलना करत होतं, मुद्देसूद, एकेक प्रसंग घेऊन. ते वाचून मी मनात म्हटलं, हीच ती. आजोबांची नात. बाकी लोक स्वप्न आहे, नाही, वेड आहे, नाही, मरण आहे, असं एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. शेवटाचा तर सगळे फार बाऊ करत होते. तो शेवट काय सोसवत नाही, तो शेवट वाचून दोन दिवस जेवलो नाही. मला नवल वाटलं. वाफेचं ताट बघून जेवण न जाणारी ही कसली पिढी?

मी माझं मत लिहिलं. चांगलं ऐसपैस लिहिलं, देवनागरीत, विरामचिन्हांसकट. लिहिलं की चित्रकारानं मुलीला घाईनं घरी आणलेलं नाही, प्रत्येक पायरीला तिचा मान दिला आहे, हे आवडलं. हरवलेलं एकेक परत मिळवत माणूस वर येतो हे दाखवायला शब्द लागत नाहीत, हे पटलं. उणीव एकच. आईचं तोंड दाखवलेलं नाही, नुसते हात. इतके दिवस वाट बघणाऱ्या बाईला तोंड द्यायला काय हरकत होती?

त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. "काकू, कोणता मंगा वाचलात?" एकानं विचारलं. मी लिहिलं, "आपण वाचलात तोच. आणि मी आपली काकू नाही." दुसऱ्यानं लिहिलं, "भारी थिअरी आहे, डोकं गरगरलं." त्याचे मी आभार मानले. तिसऱ्यानं नुसतंच कपाळावर हात मारलेलं चित्र टाकलं. त्याला मी विचारलं की मतभेद असेल तर शब्दांत मांडता येत नाही का? आठवडाभर हेच चाललं. बसमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी अनोळखी पोरांशी भांडत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. घरात भांडायला कुणीच उरलं नव्हतं.

फोनवर मी लेकीला म्हटलं, "ते मांजरवालं मत, ते तुझं ना?"

"नाही."

"मग कोणतं?"

"ओळख की." मग जरा थांबून म्हणाली, "मम्मी, तू काय काय लिहायलीस तिथं?"

"का, चुकलं काय?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात दाबून धरलेलं हसू मला स्पष्ट ऐकू आलं. "लिही तू. थांबू नको."

त्या हसण्यावर मी दोन दिवस काढले.

शुक्रवारी एक मत नजरेस पडलं, खाली कुठंतरी गाडलेलं. दोनच ओळी. "मला शेवटचं पांढरं पान सगळ्यात जास्त आवडतं. तिथं तिला कुणी विचारत नाही, झालं का." त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं, नुसते बदाम टाकून लोक पुढं गेले होते. मला ते वाचून कसंसंच झालं. कुणाचं लेकरू आहे हे, आणि याच्या घरी कुणाला माहीत आहे का? काळजी वाटली की मला आधी राग येतो, हा माझा स्वभाव आहे. मी तांबडं पेन उपसलं. "पांढरं पान शेवटचं नाही, पहिलं आहे. तिथून तर ती उठते. आपण पुस्तक लक्षपूर्वक वाचलेलं दिसत नाही. पुन्हा वाचावे."

शनिवारी सकाळची शाळा होती. सुटल्यावर फोन बघितला तर हसऱ्या तोंडांच्या गर्दीत एका भल्या मुलानं लिहिलं होतं, "काकू, रागावू नका. मंगा उजवीकडून डावीकडं वाचतात. तुम्ही मागून सुरुवात केलीत. तुमचं पहिलं पान हेच खरं शेवटचं."

आमच्या शाळेच्या आवारातच उर्दू माध्यमाची शाळा भरते. तिथल्या मॅडम आणि मी रोज एकाच झाडाखाली डबा खातो. मी पिशवीतून ते पुस्तक काढून त्यांच्यासमोर धरलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि क्षणाचाही विचार न करता लेबल नसलेल्या बाजूनं उघडलं.

"इसमें क्या है मॅडम," त्या म्हणाल्या, "हमारी तो सब किताबाँ इधरसेच खुलते."

कव्हरची खाकी घडी वर करून त्यांनी आतलं पान दाखवलं. तिथं पुस्तकाचं नाव होतं. रेक्टर मॅडमला पाठ्यपुस्तक वाटावं म्हणून माझ्या लेकीनं लेबल मागच्या बाजूला चिकटवलं होतं, आणि मी लेबल बघून वाचणारी बाई. वर्षानुवर्षं त्या मॅडमच्या पोरांना उजवीकडून वाचताना बघितलं होतं, तरी माझ्या टाळक्यात आलं नाही. मी शरमेनं हसले. त्याही हसल्या. मग त्या गेल्या आणि मी रिकाम्या वर्गात बसून ते पुस्तक पुन्हा वाचलं, सरळ.

स्वयंपाकघर. आईचे हात ताट वाढतात. ताटातून वाफ निघतेय आणि मुलगी न जेवताच उठते. जिना उतरायला लागते. बूट काढून ठेवते. रिबीन सोडते. सावलीला पायरीवर बसवते आणि मागं न बघता पुढं जाते. मग तोंड माशांमध्ये सोडून देते. आता चौकटीतून चौकटीत गोष्ट कुठंच उडी मारत नव्हती, एकेक पाऊल नीट पडत होतं, खाली. रिकामी खोली. बाक. ती बसते. आणि पांढरं पान.

जेवण झालं का. पोर्शन झाला का. झोप झाली का.

त्या दोन ओळी कुणाच्या होत्या हे मला तेव्हा समजलं. मी तिला ओळखायला निघाले होते आणि मांजरीच्या मुद्देसूद परिच्छेदांत शोधत बसले, कारण मला तशी लेक हवी होती. जिनं मला स्वतः होऊन सांगितलं होतं तिला मी नीट वाच म्हणून झापलं. पान पुन्हा उघडलं. माझ्या शेऱ्याखाली तिचं उत्तर आलेलं होतं, आदल्या संध्याकाळचं, तिच्या फोनच्या तासातलं.

"फोनवर पुन्हा वाचलं, तुमच्या बाजूनं. पण ती बाकावरून उठते कशी, ते दिसत नाही. पांढऱ्या पानात काय होतं?"

मी उत्तर लिहायला घेतलं. जिद्द, असं लिहिलं आणि खोडलं. आईची आठवण, असं लिहिलं आणि तेही खोडलं. एवढी वर्षं मतं दिली, पण या प्रश्नाला माझ्याकडं मत नव्हतं. पुस्तक पिशवीत टाकलं, वर्गाला कुलूप लावलं आणि रस्त्यावर येऊन नांदेडकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला. नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. लोह्याच्या पुढं नवऱ्याला फोन लागला.

"निलंग्याहून निघ," मी म्हटलं. "लातूरला ये."

"काय झालं?"

"काही झालं नाही अजून. पोरीला घरी न्यायचंय."

"आन् परीक्षा?"

"घरी राहून देईल. नाही तर नाही देणार. तू ये फक्त."

"हाव," तो म्हणाला. "निघालोच."

ती गाडी इतकी हळू कधी चाललेली मी बघितली नाही. ड्रायव्हर प्रत्येक फाट्यावर माणसं घेत होता आणि मी मनातल्या मनात त्या प्रत्येकाला शिव्या देत होते. चाकूरला मी खिडकीतून उगीचच गर्दीत बघितलं. त्या बाई दिसल्या असत्या तर त्यांना सांगायचं होतं की पाठवली मीच.

होस्टेलच्या खालच्या खोलीत ती आली. वार शनिवार, माझ्या हातात डबा नाही, अंगावर शाळेची साडी. ती दारातच थांबली. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं, लेबल खाली करून.

"समजलं तुला," ती म्हणाली.

"उशिरा."

"मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. उलटं वाचलंयस ते." तिचा आवाज कापत होता. "सांगणार होते. पण तू इतकं ठासून लिहिलं होतंस, ती घरी येते म्हणून. मग मीपण फोनवर शोधून तिकडून वाचून बघितलं. रोज बघायचे. फक्त ते उठायचंच जमत नव्हतं."

मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग दुसराही ठेवला. किती वाळली होती ती, ते दर रविवारी डब्याच्या पलीकडं बसून मला दिसलं नव्हतं.

"सामान भर," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. पप्पा येतायत."

ती वर गेली, आणि जिन्यावर तिची पावलं मला ऐकू येत राहिली. मग ती जड बॅग ओढत खाली आली. रात्र आम्ही तिघांनी लातूरला नात्यातल्यांकडं काढली आणि सकाळच्या गाडीनं नांदेडला आलो. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. नवरा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. बोलायचं खूप होतं, पण ती उठेल अशी भीती वाटत होती.

घरात आदल्या सकाळची भांडी तशीच पडलेली. मी हात धुतले आणि थेट ओट्याशी गेले. फ्रीजमध्ये निवडलेली अंबाडी होती. भाजी टाकली, भाकऱ्या थापल्या. हात घाई करत होते, लक्ष सगळं बाहेरच्या खोलीत. ती काय करतेय, उठली का, बसली का, तिच्या बाजूनं आवाज का नाही. तीन ताटं वाढली. कित्येक महिन्यांनी तीन ताटं एका ओळीत.

ती बसली. ताटाकडं बघत राहिली. वाफ तिच्या चेहऱ्यावर जात होती. विचारायचा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला. वाट बघितली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, घास तोंडात घातला. आणि डोळे मिटले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि लसूण करपलाय."

मला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून मी भिंतीकडं वळले. नवरा गोंधळला. त्याला वाटलं मला भाजीचं लागलं. मला सावरावं म्हणून त्यानं घाईघाईनं मोठा घास घेतला.

"चांगली तर झालीय की," तो म्हणाला.

"चांगली हे मत नाही, पप्पा," ती म्हणाली, आणि मिठासाठी हात पुढं केला.